फक्कीच्या भिंती

माकणीच्या महालिंगप्पांचा कागदावरच्या घरावर काडीचा विश्वास नव्हता. मुरुमच्या त्यांच्या व्याह्यांनी, म्हणजे धाकट्या सुनेच्या वडिलांनी, कुण्या ओवरसियरकडून नक्षा काढून घेऊन दुमजली घर उठवलं होतं. दिसायला हवेली, पण देवघरात शिरायचं तर जिन्याखालून वाकून, जवळजवळ रांगतच जावं लागे. "कागदावर कुणाचं डोस्कं आपटत न्हाय," असं महालिंगप्पा म्हणत, आणि व्याह्यांचं नाव निघालं की दोनदा म्हणत.

म्हणून स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या वडिलांची जुनी रीत बाहेर काढली. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, वर निजामाचं राज्य. पण दुकान बरं चाललं होतं आणि पेठेच्या कडेची मोकळी जागा हाती आली होती. त्या जागेवर धुळाप्पा गवंड्यानं चुन्याच्या फक्कीनं अख्खं घर आखलं. पांढरी रेघ म्हणजे भिंत, रेघेत सोडलेली फट म्हणजे दार. पाया खणायच्या आधी सगळ्या घरानं त्या रेघांमध्ये एक दिवस राहायचं. तिथंच पूजा, तिथंच चूल, तिथंच जेवण. दारातूनच यायचं, दारातूनच जायचं. जो रेघ ओलांडेल त्यानं भिंत फोडली असं धरायचं आणि आडावरून एक घागर भरून आणायची. कुणाला काही अडलं तर दिवस मावळायच्या आत बोलायचं. रेघ पुसून दुसरी मारता येई. दिवस मावळला की महालिंगप्पा रेघांवर विभूती टाकणार आणि धुळाप्पा खुंट्या ठोकणार. विभूती पडलेली रेघ मग कुणी हलवायची नाही.

थोरली सून रुद्रम्मा हे ऐकल्यापासून मनातल्या मनात त्या घरात राहायलाही गेली होती. तिला त्यातली एकच खोली हवी होती. स्वयंपाकघराला लागून असलेली, सोप्याकडं एक आणि थेट चुलीकडं दुसरं दार असलेली. जुन्या घरात तशी खोली सासूची, पार्वतम्माची होती. पार्वतम्मा पहाटे अंथरुणातून उठे ती थेट चुलीपुढं बसे. आज काय शिजणार, कुणाला किती दूध, कुठला पाहुणा जेवून जाणार आणि कुठल्याची बोळवण नुसत्या गूळपाण्यावर, हे सगळं त्या दारात ठरे. रुद्रम्मा या घरात आली तेव्हा तिला लुगडंसुद्धा नेसता येत नव्हतं. सासूनंच ते नेसायला शिकवलं, भाकरी थापायला शिकवली, चुकली की लाटण्याचा प्रसादही दिला. पुढं सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं रुद्रम्मानंच केलं, तोंड वाकडं न करता. सासू गेली, आता ते दार आपलं, असं रुद्रम्मा धरून चालली होती. तसं कुणी म्हणालं नव्हतं. पण नाही असंही कुणी म्हणालं नव्हतं.

मग धाकटी जाऊ आली. चन्नम्मा.

चन्नम्माचं वाईट काय, असं रुद्रम्माला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, आणि हेच तिला जास्त सलत होतं. पोरगी मुरुमच्या बाजारपेठेत वाढलेली. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत घुसायची आणि सासऱ्याला हसवायची. बायको गेल्यापासून महालिंगप्पा हसणं विसरले होते. रुद्रम्मानं त्यांना वेळेवर जेवायला वाढलं, वेळेवर काढा दिला, पण त्यांना हसवावं हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. भाकरी घ्या. रुद्रम्माची भाकरी चंद्रासारखी गोल, पापुद्रा सुटलेली. चन्नम्माची एका अंगानं करपायची. तरी पानावर बसलेले बापलेक भाकरी उलटून बघायचे, "आज धाकटीची हाय वाटतं," म्हणायचे आणि हसत हसत खायचे. रुद्रम्माच्या भाकरीबद्दल कुणी बोलत नसे. बिनखोडीच्या भाकरीबद्दल बोलणार तरी काय? पण तिचा जळफळाट व्हायचा तो व्हायचाच. नवरा शंकरप्पा स्वभावानं गरीब. त्याला सांगावं तर तो म्हणे, "तुला काय कमी हाय?" आणि काय कमी आहे ते काही उचलून दाखवता येत नव्हतं.

तर त्या दिवशी सकाळी महालिंगप्पांनी काठीनं खोल्या दाखवल्या.

"चन्नम्मा, तुझं लेकरू तान्हं हाय. तू चुलीजवळच्या खोलीत बस. रुद्रम्मा, तू मागल्या खोलीत, धान्याच्या बळदापाशी."

"व्हय अप्पा," रुद्रम्मा म्हणाली. आवाज अगदी सरळ. आतून अंगाचा तिळपापड झाला होता. एवढी वर्षं हाडं झिजवली आणि शेवटी वाट्याला काय, तर ज्वारीची राखण.

सगळा दिवस त्या फक्कीच्या घरात नुसती मजा चालली होती. चन्नम्माचा नवरा सोमलिंग सवयीनं दाराजवळच्या ढेलजेतून सरळ माजघरात चालत गेला, तशी महालिंगप्पांनी काठी आपटली, "फोडलास भिंत! आण घागर!" रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. गावचं एक कुत्रं सगळ्या भिंतींतून आरपार हिंडत होतं आणि त्याला कुणी घागर सांगत नव्हतं. सगळे हसत होते, रुद्रम्मा सोडून. मागल्या खोलीतून चुलीशी जायचं म्हणजे आधी सोप्यात यायचं, तिथं बसलेल्या सासऱ्यापुढून पदर ओढून जायचं, माजघराला वळसा घालायचा, तेव्हा कुठं स्वयंपाकघर. ती पोचेपर्यंत चन्नम्मा आपल्या फटीतून पाऊल टाकून चुलीपुढं बसलेली असायची. दर खेपेला हेच. वर "या अक्का" म्हणायची, जशी काही रुद्रम्मा शेजारून विस्तव मागायला आली होती.

बरं, खऱ्या घरात भिंती असतात आणि त्या माणसाच्या डोळ्यांवर उपकार करतात. इथं सगळंच उघडं. आपल्या खोलीत बसल्या बसल्या रुद्रम्माला जावेचा सगळा संसार दिसत होता. सोमलिंगानं जाता जाता बायकोच्या पदरात भाजक्या शेंगा टाकलेल्या दिसल्या. तिनं त्यातल्या अर्ध्या परत त्याच्या खिशात कोंबलेल्याही दिसल्या. इकडं आपल्या खोलीत बघावं तर शंकरप्पा तोंडावर पटका टाकून घोरत होता. त्यानं कधी शेंगा दिल्या नव्हत्या असं नाही. पोतंभर आणून टाकायचा, आणि "मोजून घे" म्हणायचा.

जेवणं उरकल्यावर मात्र कळस झाला. चन्नम्मा सासऱ्यापाशी जाऊन बसली आणि हळू आवाजात काही सांगू लागली. सांगता सांगता तिनं हात केला तो नेमका रुद्रम्माच्या खोलीकडं. महालिंगप्पांनी वळून इकडं पाहिलं, मान हलवली, आणि हसले. शब्द एकही ऐकू येत नव्हता. रुद्रम्माची कानशिलं तापली. चहाडी, दुसरं काय! खोली घेतली, सासरा घेतला, आता उरलीसुरली पतही काढून घेते बया.

उन्हं चढली तशी माणसं लवंडली. धुळाप्पा लिंबाखाली आडवा झाला. फक्कीची पाटी सोप्यात तशीच पडली होती. रुद्रम्मा उठली. सोप्यात आली, पाटीतून ओंजळ भरून घेतली, माजघराला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली. असलं काम करतानाही बिचारी दारादारातूनच गेली, रेघ तिनं ओलांडली नाही. चन्नम्मा लेकराला कुशीत घेऊन पलीकडं झोपली होती. रुद्रम्मानं खाली बसून दोन खोल्यांमधली ती फट फक्कीनं बुजवून टाकली. दाराची भिंत झाली. हात पदराला पुसले आणि आल्या वाटेनं परत जाऊन ती आडवी झाली. तिला फार बरं वाटलं. सासू गेल्यापासून इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर महालिंगप्पांनी सगळ्यांना सोप्यात गोळा केलं आणि माजघरावरून स्वयंपाकघरात नेलं. धुळाप्पा खुंट्या घेऊन आला. आणि महालिंगप्पा बोलले ते असे :

"खोल्या बदलायच्या. चुलीजवळची खोली थोरलीची. दुपारी चन्नम्मा मला म्हणली, अप्पा, म्या एक दिस हितं राह्यले तवा कळलं, चूल कशी हाताशी हाय. अक्का समद्यांच्या आधी उठत्यात. अंधारात त्यांनी त्या मागनं चाचपडत यायचं आन म्या हितं लोळायचं, हे बरं दिसत न्हाय. मला मागली द्या." त्यांनी काठी उचलली. "मला हे सुचाय पायजे व्हतं. पोरीला सुचलं. चल रुद्रम्मा, तुझ्या दारातनं जा बघू."

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. दार नव्हतं.

"आरं धुळाप्पा, हितं फट व्हती की!"

धुळाप्पा गोंधळला. चन्नम्मानं रेघेकडं पाहिलं, मग रुद्रम्माच्या पदराकडं पाहिलं. पदराला पांढरे हात उमटले होते. मग डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "अप्पा, माझ्याच हातनं झालं. लेकरानं पाटी धरली, ती ओढताना फक्की सांडली."

महालिंगप्पा हसले. "लेकरू लई हुशार निघालं. सरळ रेघ मारतंय."

सोमलिंग हसला, शंकरप्पाही हसला. विषय तिथंच मिटला असता. रुद्रम्माला काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, मूग गिळून. खोली मिळत होती, दार मिळत होतं, अब्रूही झाकली जात होती. पण हे सगळं देत कोण होतं? तीच. खोली चन्नम्मानं दिली. आता चांगुलपणाही तीच करणार, आणि तोही माझ्यावर. सासरा तिच्याकडं कौतुकानं बघत होता ते बघून रुद्रम्माला राहवलं नाही.

"खोटं बोलती ती," रुद्रम्मा म्हणाली. "म्या बुजवलं. माझ्या ह्या हातांनी म्या बुजवलं."

शंकरप्पानं मान खाली घातली. लोकांना वाटेल, पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप कसला! चन्नम्माला आणखी एक गोष्ट मिळू द्यायची नव्हती, एवढंच.

महालिंगप्पा बराच वेळ थोरल्या सुनेकडं बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"दिवस हाय अजून," ते म्हणाले. "बुजवलंस तसं पूस. तुझ्याच पायानं पूस आन जा तुझ्या खोलीत. म्या काय बोलत न्हाय."

रेघ पायाशीच होती. एकदा टाच फिरवली की झालं. आयुष्यभर जे हवं होतं ते त्या चिमूटभर चुन्यापलीकडं होतं. रुद्रम्मानं पाऊल उचललंही. तेवढ्यात चन्नम्मा पुढं झाली आणि हसून म्हणाली, "पुसा की अक्का. तुमचंच हाय."

तुमचंच हाय! जशी काही ती वाटायला बसली होती. रुद्रम्माचं पाऊल जिथल्या तिथं थांबलं. रोज पहाटे त्या दारातून जायचं आणि रोज आठवायचं, हे मला चन्नम्मानं दिलं. पार्वतम्माचं दार असं नव्हतं. ते कुणी कुणाला दिलेलं नव्हतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "धूर येतो."

शंकरप्पा हळूच म्हणाला, "अगं, पूस की." ती हलली नाही. सगळे उभे होते. तेरणा नदीच्या बाजूला सूर्य खाली गेला. महालिंगप्पांनी विभूती काढली, वाकून एकेका रेघेवर टाकत गेले, आणि त्या बुजवलेल्या जागेपाशी येऊन थोडे थांबले. रुद्रम्मा दुसरीकडं बघत होती. त्यांनी तिथंही विभूती टाकली. धुळाप्पानं खुंटी ठोकली.

घर उभं राहिलं, वर मातीचं माळवद पडलं. चुलीला लागून असलेली खोली थोरलीला मिळाली. मधल्या भिंतीला दार नव्हतं. राहायला आल्यावर पहिल्याच पहाटे रुद्रम्मा उठली. भिंतीपलीकडंच चूल होती, पेटली की भिंतीला हात लावून तिची ऊब लागेल एवढी जवळ. ती दिवा घेऊन सोप्यात आली, माजघराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचली. त्याच वेळी मागल्या खोलीतून चन्नम्माही आली होती. थोरलीला बघून ती बाजूला सरली.

"तुमी व्हा फुडं, अक्का."

रुद्रम्मा जागची हलली नाही.

"तू हो फुडं," ती म्हणाली.

"असं कसं? तुमी थोरल्या."

"तू हो म्हणते ना!"

दोघी उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. आत कुणीच गेलं नाही, आणि बाहेर महालिंगप्पा आंघोळीच्या गरम पाण्याची वाट बघत बसले.