कोल्हापुरी पटर

हसणार नसाल तर सांगतो. न्हाय, तुम्ही हसणारच, पण आधी हातातला चहा संपवा. मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या शेजाऱ्याच्या नाकातनं चहा आलता!

आमच्या पोरीचा, सईचा, साखरपुडा होता. व्याही कोण? तर पुण्याचे रिटायर्ड कर्नल! माणूस म्हणजे काय राव! आमच्या दारातनं वाकून आत आले. बोलणं मोजकं, आणि मिशी बघून वाटावं, हिला बी वेगळी पेन्शन असंल. मी आपला राजारामपुरीतला दुधाच्या कॅनचा दुकानदार. त्यांच्यापुढं माझं तोंडच उघडंना. आणि माझं तोंड उघडत न्हाय, हे आमच्या गल्लीत कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं न्हाय.

जेवताना साहेब म्हणाले, "रिटायर झाल्यापासून एकच नाद. गोल्फ."

आता गप बसावं की न्हाय माणसानं? छे!

"आम्ही बी खेळतो की!" मी म्हणालो. "आमच्या गल्लीची टीमच हाय. अकराच्या अकरा पोरं तयारीची!"

साहेबांनी मिशीवरनं बोट फिरवलं. मग म्हणाले, "अरे वा! पुढच्या महिन्यात कोल्हापुरात माझी एका मित्राबरोबर मॅच आहे. तुम्हीही या. बाकीच्या काठ्या माझ्या वापरा, पण पटर मात्र ज्याचा त्याचा बरा."

पावणं गेले आणि आमच्या मंडळींनी कंबरेवर हात ठेवला. "तुमी कधी खेळलाईसा गोल्फ?"

"न्हाय."

"त्यांनी खोटं पकडलं आणि लग्न मोडलं तर? पोरीला तोंड कसं दाखवणार?"

पटर म्हणजे बॉल शेवटी हळूच भोकात ढकलायची काठी, हे मला मोबाइलवर बघून कळलं. म्हणून गेलो जुन्या बाजारात. तिथं एका ढिगात सापडला की! गंजलेली नळी, काळं पडलेलं पितळी डोकं, मुठीचं रबर कुजलेलं.

"पावणं, संस्थानाच्या काळातला माल हाय," विकणारा म्हणाला. "राजेलोकांनी मारलं असंल ह्यानं."

"काय मारलं असंल?"

"मला काय म्हाईत? वाघ असंल!"

वाघ! मी लगेच घेतला.

घरी आणून नळीला रॉकेल लावलं, पॉलिश पेपरनं घासली. डोकं चिंचेनं घासलं. आणि काय सांगू, काळ्याखालनं पिवळं उजळत गेलं तसा मी बघतच राहिलो! देवळातल्या समईगत झळकायला लागलं. मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मंडळींनी खोबऱ्याची चटणी केली, पण माझ्याशी बोलल्या न्हाईत.

राहिली मूठ. चप्पल करणाऱ्या दत्तूमामाकडं गेलो. "मामा, व्याही बघतच राहिले पायजेत."

"करकर काढू?" मामानं विचारलं.

"काढा की! न वाजणारं कातडं कोल्हापुरात कोण घेतंय?"

चपला वाजाव्यात म्हणून घालतात तसल्या बिया मामानं कातड्याच्या दोन थरांत घातल्या, वर वेणी विणली, टोकाला लाल गोंडा लावला. मूठ दाबली की कर्रर्र! मला तर रडूच आलं, इतकी सुंदर झालती.

मॅचच्या दिवशी मी पायाला क्रेप बँडेज बांधून गेलो. पाय मुरगळलाय म्हणालो, नुसता पटर घेऊन हिंडणार. साहेब "बरं बरं" म्हणाले.

आणि ते मैदान! अहो, नजर पोचंल तिथवर हिरवंगार गवत, आणि एक म्हस न्हाय! माणसं कानात बोलल्यागत बोलणारी. कोल्हापुरात चारजण एका जागी गप उभे, असं मयतीला बी बघितलं न्हवतं मी.

शेवटचं भोक आलं. साहेब आणि त्यांचा मित्र बरोबरीत. ह्या मित्राला साहेबांनी आजवर एकदा बी हरवलं न्हवतं, आणि आता बॉल भोकापासनं हातभर लांब! साहेब वाकले. सगळ्यांनी श्वास रोखला. वारं थांबलं. गाभाऱ्यात बी नसती अशी शांतता! माझ्या अंगावर काटा आला, डोळं भरलं, आणि भक्तिभावानं मी पटर छातीशी घट्ट धरला.

कर्रर्रर्रर्र!

साहेबांचा हात हलला. बॉल भोकाच्या कडेनं निघून गेला. घाबरून मी मूठ सैल केली, तर सोडताना बी कर्रर्र! मित्रानं आपला बॉल शांतपणे भोकात घातला आणि मॅच जिंकली.

साहेब चालत माझ्याकडं आले. पटर हातात घेतला. गोंडा बघितला. मूठ दाबली. कर्रर्र.

"साहेब," मी हातच जोडले, "जन्मात गोल्फ खेळलो न्हाय मी. तुमाला दाखवायला हे सगळं केलं. आत्ता नुसता भारावून गेलतो, म्हणून मूठ आवळली. पण माझ्या येडेपणापायी पोरीचं लग्न मोडू नका!"

"तुम्ही खेळत नाही हे मला साखरपुड्यातच कळलं होतं," साहेब म्हणाले. "गोल्फला अकरा जणांची टीम नसते, व्याही."

"मग बोलावलं कशाला?"

"म्हटलं, दोन दिवसांत फोन करून खरं सांगतील. तुम्ही गोंडा लावून याल असं कुठं वाटलं होतं?" आणि मिशी थरथरायला लागली. माणूस हसत होता!

लग्न झालं, झोकात झालं. पोरगी सुखात हाय. आणि आता साहेबांची त्या मित्राबरोबर मॅच ठरली की पहिला फोन मला येतो.

"व्याही, पटर घेऊन या. खेळायचं काही नाही. माझी पाळी आली की पटर गाडीत ठेवायचा. आणि मित्र वाकला की तुम्ही फक्त भारावून जायचं!"