कुणाच्या कुंडीत कोण काय घालतं

दोन कुंडीवाले एकत्र आले की फुलं किती येतील सांगता येत नाही, किस्से मात्र हमखास येतात. आम्ही तर पाच जण आणि गच्ची एकच. शाहूपुरीतल्या आमच्या बिल्डिंगवर सत्तरेक कुंड्या आहेत, त्यामुळे किस्से साठले नसते तरच नवल. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही एकमेकांना फुलं देतो, रोपं देतो, पण मातीत काय मिसळलंय ते खरं कुणी सांगत नाही. आणि सांगितलंच, तर ऐकणारा विश्वास ठेवत नाही. मी तर नाहीच.

* * *

आमच्यातले पाटील सर म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांची शेवंती बघितली की माझ्या पोटात दुखतं. मातीचं प्रमाण विचारलं तर फळ्यावर लिहिल्यासारखं सांगतात, "दोन भाग पोयट्याची माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट." मी तसंच केलं. माझी शेवंती वीतभर वाढली आणि रुसून बसली. म्हणजे आणखी काहीतरी आहे आणि सर ते सांगत नाहीत, अशी माझी खात्री झाली.

एका सकाळी गच्चीवर कुणी नाही असं बघून मी त्यांच्या कुंडीतली चिमूटभर माती उचलून नाकाला लावली. मागून सरांचा आवाज आला.

"वासावरनं कळत नसतंय, माने. चाखून बघा."

* * *

शिंदे शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत. त्यांनी एकदा दोन पोती काळी माती आणून गच्चीवर टाकली. "घ्या, पायजे तेवढी घ्या." काळीभोर, मऊ, बघूनच हात घालावासा वाटेल अशी. मला संशय आला. शिंदे आणि फुकट? मी हात लावला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मालनवहिनींनी मात्र सहा कुंड्या भरून टोमॅटो लावले.

आठ दिवसांत ती माती अशी आवळून बसली की वर पाणी तुंबून राहायला लागलं. चौकशी केल्यावर कळलं, ती माती नव्हतीच. फौंड्रीत ओतकामाच्या साच्याला वापरून टाकलेली वाळू होती. वहिनी तडक शिंदेंच्या दारात.

"एवढी चांगली हुती, मग तुमच्या एका बी कुंडीत कशी न्हाई घातली?"

शिंदे शांतपणे म्हणाले, "मला म्हाईत हाय की ती कुठली ते."

* * *

त्यानंतर वहिनींनी बाहेरचं सगळं बंद केलं आणि घरीच जीवामृत करायला घेतलं. ड्रममध्ये शेण, गोमूत्र, बेसन आणि गूळ घालून रोज काठीनं ढवळायचं. एक दिवस त्यांचे मिस्टर, आप्पा, ड्रममध्ये डोकावले आणि तसेच खाली जाऊन गुळाचे दोन खडे घेऊन आले. एक काळपट, गुऱ्हाळावरनं मुद्दाम मागवलेला. दुसरा पिवळाधमक, बाजारातला.

"झाडाला बिनकेमिकलचा, आणि माझ्या चपातीवर ह्यो पिवळा?"

वहिनी ढवळायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "झाडं फुलं देत्यात."

* * *

आता शकीलाभाभींच्या गुलाबाचं. भाभींचे मिस्टर हारूनभाई दोन वर्षांपूर्वी गेले. नृसिंहवाडीच्या बाजूच्या एका मळ्यातनं त्यांनी गावठी गुलाबाची काडी आणून लावली होती. फिकट गुलाबी, घमघमणारा. दर शुक्रवारी त्यातलं एक फूल भाभी त्यांच्या कबरीवर ठेवून यायच्या. तो मळाही आता प्लॉट पडून गेला, त्यामुळे हे झाड गेलं तर दुसरं कुठून आणायचं, हा प्रश्नच होता.

या पावसाळ्यानंतर पानं पिवळी पडायला लागली. भाभींची एकच चूक झाली, त्यांनी हे गच्चीवर सगळ्यांसमोर सांगितलं. सर म्हणाले शेणखत, वहिनी म्हणाल्या जीवामृत, शिंदे म्हणाले डीएपीचं दाणेदार खत, मी म्हणालो शेंगपेंडीचं पाणी. भाभी हात जोडून म्हणाल्या, "कुणी काय घालू नका. माझं मी बघतो."

आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

मला सरांचा भरवसा नव्हता. ते गुपचूप शेणखत घालणार आणि फूल आलं की नाव मिरवणार. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच पेंडीचं पाणी घेऊन वर निघालो. जिन्यात शिंदे उतरताना भेटले, हातात डबा.

"कुठं गेलतासा?"

"टाकी बघायला."

कुंडीत बघतो तर वर दाणेदार खत, त्याच्याखाली शेणखत, आणि कडेनं गूळ-गोमूत्राचा ओलावा. मला लाज वाटली. पण माझं पाणी ओतून झाल्यावर.

पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि सगळी पानं गळून पडली. गच्चीवर मोठी खडाजंगी झाली. सर म्हणाले शिंदेंनी झाड जाळलं, शिंदे म्हणाले वहिनींनी कुजवलं. "मी काहीच घातलं नाही" असं चौघांनीही शपथेवर सांगितलं, त्यात मीही आलो. भाभी कुंडीशेजारी बसून ऐकत होत्या. त्यांच्याकडे बघून मला आतून फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुंडीत वीतभर काडी तेवढी उरली होती. भाभींनी झाड पार खालपर्यंत छाटलं, हे आम्हाला सगळ्यांनाच पटलं. छाटल्यावर झाडाला ताकद लागते. मग काय, ज्यानं त्यानं आपापली वेळ साधली.

दोन महिने झाले, काडी ढिम्म. मी आशा सोडत आलो होतो. परवा शुक्रवारी सकाळी आम्ही गच्चीवर चहा घेत होतो. भाभी वर आल्या. हातात स्टीलची ताटली आणि ताटलीत पाच गुलाब, फिकट गुलाबी. वास आधी आला. सरांनी फुलांकडे बघितलं, मग कुंडीतल्या काडीकडे.

"ही फुलं कुठनं आली, भाभी?"

"माझ्या खिडकीतनं. त्या भांडणादिवशीच झाड काढून खाली नेलं. मुळं धुतली आन् साध्या मातीत लावलं."

"मग ह्या कुंडीत काय हाय?"

"शेवग्याची वाळकी काडी." भाभींनी एक फूल शुक्रवारसाठी पदरात ठेवलं आणि उरलेली चार आम्हा चौघांच्या हातात एकेक दिली. "ती कुंडी तुमच्यासाठी ठेवलीया. घाला काय घालायचं ते."