पाचवीची दोन मिनिटं

कंपनीतला प्रेस धाडकन खाली यायचा, तो आवाज मी तीस वर्षं ऐकला. प्रेसखाली पत्र्याचे तुकडे साचायचे. शाळेत किस्से तसेच साचतात, आणि त्यांत बहुतेक वेळा फजिती माझीच असते.

निवृत्तीनंतर मी चाकणजवळच्या एका शाळेत शिपाई झालो. पाचवीच्या जाधवबाईंनी मला छोटी पितळी घंटा दिली. "मामा, दर वीस मिनिटांनी वाजवा. मुलं उठतील, दोन मिनिटं हातपाय हलवतील, मग पुन्हा अभ्यास."

मी म्हणालो, "बाई, आमी आठ-आठ तास एका जागी उभं राहिलो. काय झालं आमाला?"

"म्हणून तर जिना चढताना तुमचे गुडघे वाजतात."

मी घंटा घेतली.

*

पहिल्याच दिवशी दाराबाहेरच्या स्टुलावर मला झोप लागली. पाऊण तास गेला. शेवटी अस्मिता नावाच्या मुलीने येऊन मला हलवलं. "मामा, घंटा आमच्याकडे द्या. आम्ही वाजवतो, तुम्ही उठा." घंटा मी दिली नाही, पण त्यानंतर झोपलोही नाही.

अस्मिताचे आईवडील वेगवेगळ्या शिफ्टला. एकच खोली, सारखी ये-जा, पोरीची झोप अर्धवट. आधी ती दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकायची. घंटा सुरू झाल्यावर धडा शेवटपर्यंत वाचू लागली. बाईंचा जीव त्या घंटेत का अडकला होता, ते मला तेव्हा कळलं.

*

एकदा बाई प्रशिक्षणाला गेल्या. "तेवढी दोन मिनिटं सांभाळा," म्हणाल्या. मला फक्त कंपनीतला, शिफ्टच्या आधीचा व्यायाम येतो. तो घेतला. त्यानंतर सुरक्षेची शपथ असते. सवयीने तीही घेतली. सगळी पोरं हात पुढे करून खणखणीत म्हणाली, "मी चालू मशीनमध्ये हात घालणार नाही."

दारात हेडसर उभे.

"मामा, यांना सहावीत पाठवायचंय की सेकंड शिफ्टला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना बोलावलं. ही उठबस सोमवारपासून बंद, शनिवारी मुलांना मीच सांगतो, म्हणाले. चूक माझी, आणि मान खाली घालून बाहेर आल्या बाई. मी माफी मागितली.

"असू द्या मामा. शपथ चांगली होती."

*

शनिवारी हेडसर वर्गात आले. एका जागी बसून लक्ष कसं द्यावं, यावर बोलू लागले. बाई खिडकीशी उभ्या, मी दारात. मागच्या बाकावर दोघं पेंगायला लागले. अस्मिताचं डोकंही बाकाकडे झुकू लागलं.

"म्हणून सोमवारपासून हे सगळं..." सर म्हणाले, आणि घंटा वाजली. वीस मिनिटं झाली होती, हात सवयीने हलला. खरं सांगतो, एवढं धाडस माझ्यात नाही.

सगळा वर्ग उभा राहिला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घंटेकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे.

अस्मिता डोळे चोळत म्हणाली, "सर, तुम्ही पण. हात वर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हात वर, बाजूला, खाली. मान डावीकडे, उजवीकडे. कुणी हसलं नाही. दोन मिनिटं झाली, मुलं बसली आणि अस्मिता ताठ बसून त्यांच्याकडे बघू लागली.

सरांनी चष्मा चढवला. माझ्या शेजारून बाहेर पडताना ते म्हणाले, "मामा, सोमवारीही दर वीस मिनिटांनी."