वरपक्षाच्या खोलीतला सेनापती

हसणार नसाल तर सांगतो. नाही, आधी कबूल करा. कारण ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली त्याच्या नाकातून चहा आला, आन् मी मात्र त्या दिवशी इतका गंभीर होतो की विचारू नका. एवढा गंभीर तर मी स्वतःच्या लग्नातसुद्धा नव्हतो. आन् बसलो होतो कुठं? मंगल कार्यालयात, वरपक्षाच्या खोलीत.

पहिल्यापासून सांगतो. मी दौंडजवळच्या एका छोट्या स्टेशनावर मास्तर. माझा साडू दिगंबर शिरूरचा, त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान. आम्हा दोघांना एकच खूळ लागलं आन् ते लावलं गायकवाड सरांनी. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. रिटायर झाल्यावर माणसं बाग करतात, सरांनी फौज केली. करंगळीएवढे सैनिक, नेपोलियनच्या काळातले. घोडेस्वार, तोफा, झेंडे, सगळं. मोठ्या टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, थर्माकोलच्या टेकड्या, निळ्या कागदाची नदी, आन् फासे टाकून लढाई करायची.

तुम्ही म्हणाल, म्हणजे बुद्धिबळासारखं. अहो, बुद्धिबळात समोरचा हत्ती दिसतो तरी! इथं टेबल फक्त सरांना दिसतं. सेनापतींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं, मोबाइल सरांकडं जमा करायचा. सर अधूनमधून चिठ्ठी पाठवणार, तुमच्या माणसांना एवढं एवढं दिसतंय. आपण हुकूम लिहायचा, तो सरांकडं जाणार, सर फासे टाकून ठरवणार की तुमचा घोडेस्वार निरोप घेऊन किती उशिरा पोचला, का वाटेतच पकडला गेला. खऱ्या लढाईत सेनापतीला काय कळत होतं, असं सर म्हणतात. धूर, धुकं आन् उशिरा आलेली चिठ्ठी. बस.

हे निरोप या खोलीतून त्या खोलीत नेण्याचं काम आप्पांकडं. मंगल कार्यालय आप्पांचं. पौषात लग्नं नसतात, म्हणून ते आम्हाला जागा देतात, पण अट अशी की मलाही खेळात घ्या. म्हणून त्यांना जासूद केलं. चिठ्ठी कुणी दिली हे जासुदानं सांगायचं नाही, असा सरांचा नियम. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले, त्यात मालकाची नजर. वाटेत नळ गळताना दिसला की आधी नळ बंद करणार, मग निरोप. सरांच्या फाशांनी जेवढा उशीर व्हायचा नाही तेवढा आप्पांच्या नळांनी व्हायचा.

आता माझी अवस्था ऐका. मी दिगंबरकडून लागोपाठ दोनदा हरलो होतो. आन् आमच्या मंडळाचा नियम असा की जो सेनापती तीनदा लागोपाठ हरेल त्याची टोपी काढून घ्यायची, आन् त्यानं वर्षभर जासूद व्हायचं. म्हणजे आप्पांना प्रमोशन आन् मी चिठ्ठ्या घेऊन वधूपक्ष ते वरपक्ष फिरणार! टोपी काय साधी नव्हती. बँडवाल्यांचे ड्रेस शिवणाऱ्या टेलरकडून खास शिवून घेतलेली, आडवी, काळी, सोनेरी काठाची. ती दिगंबरच्या देखत उतरवायची? साडूच्या देखत? सासरवाडीत दर दिवाळीला तो विषय निघाला असता. मी ठरवून टाकलं, काय वाट्टेल ते होवो, या वेळी मागं हटायचं नाही.

दुसऱ्यांदा मी हरलो त्याचं कारण दिगंबरची लबाडी. त्यानं माझ्या नावाची खोटी चिठ्ठी माझ्याच जोडीदाराला, म्हणजे माझ्या बाजूच्या दुसऱ्या सेनापतीला पाठवली, माघार घ्या म्हणून. जोडीदारानं इमानदारीत माघार घेतली. मी सरांकडं तक्रार केली तर सर म्हणाले, युद्धात हे चालतं.

बरं, चालतं ना? मग मी पण रेल्वेचा माणूस होतो. आमच्यात एका स्टेशनावरून पुढच्या स्टेशनाकडं गाडी सोडायची तर तिकडचा मास्तर आधी एक गुप्त नंबर देतो. नंबर मिळाला तर गाडी हलणार. नाही मिळाला, तर साक्षात मंत्री येऊन उभा राहिला तरी हलणार नाही. मी म्हणलं, हीच पद्धत फौजेला लावायची. माझा जोडीदार सय्यदभाऊ, मालगाडीवर गार्ड. त्याला मी शपथ घातली. सय्यदभाऊ, माझ्या प्रत्येक हुकमावर नंबर असणार, आपल्या दोघांतच ठरलेला. नंबर असेल तर डोळे झाकून करायचं. नंबर नसेल तर तो हुकूम दिगंबरचा समजायचा आन् फाडून टाकायचा, मग त्यात काहीही लिहिलेलं असू दे.

सय्यदभाऊ म्हणाला, "मास्तर, आता तुम्ही स्वतः येऊन सांगितलं तरी नंबर इचारीन."

काय माणूस आहे, असं तेव्हा मला वाटलं.

लढाईच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मोटरसायकलवर दौंडहून शिरूरकडं निघालो. इनामगावच्या पुढं नदीकाठानं असं धुकं पडलेलं की पुढचा उसाचा ट्रॅक्टर त्याच्या गाण्यावरूनच कळत होता. मागं बसलेला सय्यदभाऊ म्हणाला, शकुन चांगला हाय. मी पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेली टोपीची पिशवी सांभाळत म्हणलं, आज धुकं आपल्या बाजूनं आहे.

मी वरपक्षाच्या खोलीत बसलो. दिगंबर वधूपक्षाच्या. सय्यदभाऊला भटारखान्यात बसवलं, मोठ्या पातेल्यांच्या शेजारी. टेबल स्टेजवर, जिथं नवरानवरीच्या खुर्च्या असतात. दिगंबरचे फ्रेंच नदीपलीकडून येणार होते. अलीकडं मधोमध टेकडी, तिच्यामागं जंगल. ज्याची टेकडी त्याची लढाई, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

मी पहिला हुकूम लिहिला. सय्यदभाऊ, जंगलातून वळसा घालून टेकडीवर मागून हल्ला करा. वर जो असेल त्याला खाली लोटा. थांबू नका. नंबर टाकला. आप्पा घेऊन गेले.

थोड्या वेळानं सरांची चिठ्ठी आली. तुमच्या घोडेस्वारांना टेकडी रिकामी दिसतेय.

रिकामी! म्हणजे दिगंबर अजून पोचलाच नव्हता. मी खुर्चीतून उठलो. टोपी नीट केली. मग सय्यदभाऊची वाट कशाला बघायची? आपणच घ्यावी! मी माझी सगळी फौज टेकडीवर चढवायचा हुकूम दिला. आन् लगेच दुसरा कागद ओढला. सय्यदभाऊ, टेकडी आपली झाली. हल्ला रद्द. पुलाकडं जाऊन थांबा. आप्पा दारातच उभे होते, चला लवकर म्हणत होते, बाहेर टाकी वाहत होती. मी घाईत कागद त्यांच्या हातात कोंबला.

कळलं का काय राहिलं?

तुम्हाला कळलं. मला नाही कळलं. मी खिडकीत उभा राहून, मागं हात बांधून, पार्किंगकडं बघत होतो. सेनापती असंच बघतात.

बराच वेळ काही नाही. मग सरांची चिठ्ठी. जंगलातून मोठी फौज बाहेर पडून टेकडीवर चढतेय. धुक्यात झेंडा दिसत नाही.

मी मनात म्हणलं, दिगंबर! आला का वळसा घालून! माझ्याच डोक्यातला डाव याच्या डोक्यात! मी सरांना चिठ्ठी पाठवून विचारलं, रंग कोणता? उत्तर आलं, धूर. एक शब्द. हा माणूस वर्गातसुद्धा असंच शिकवत असणार.

मी सगळ्या तोफा जंगलाकडं वळवल्या. आन् जोडीदाराला मदतीला बोलावलं. या वेळी मात्र शांत डोक्यानं, मोठ्या अक्षरात, दोनदा नंबर टाकून: शत्रू टेकडीवर आलाय. सगळी ताकद घेऊन टेकडीवर या.

आता जरा भटारखान्यात चला. हे मला नंतर कळलं, पण तुम्ही आत्ताच ऐका. रद्दचा कागद सय्यदभाऊला मिळाला होता. त्यानं उलटा करून बघितला, उजेडात धरला. नंबर नाही. तो आप्पांना म्हणाला, दिगंबरराव पुन्हा तोच डाव टाकत्यात. आन् कागद फाडून चुलीत घातला. शत्रू आपल्याला थांबवायला बघतोय म्हणजे टेकडीवर तो कच्चा असणार, असा हिशेब करून त्यानं दुप्पट जोरानं हल्ला चढवला. तेवढ्यात माझी पुढची चिठ्ठी. नंबर बरोबर, तोही दोनदा. शत्रू टेकडीवर आहे. सगळी ताकद लावा. मास्तरांनी सांगितलं म्हणजे झालं! त्यानं राखीव घोडदळ काढलं.

इकडं मला सरांची चिठ्ठी, शत्रूचं घोडदळ आलं. मी परत मदत मागितली. नंबर टाकला. तिकडनं तोफा आल्या. मी पुन्हा मागितली. तिकडनं उरलेलं पायदळ आलं. मी जितकी मदत मागत होतो तितका शत्रू वाढत होता! माझा शर्ट घामानं ओला झाला, पौष महिन्यात. मधेच आप्पांनी विचारलं, मास्तर, पोहे आणू का? मी म्हणलं, आप्पा, इथं माणसं मरतायत!

एकदा वाटलं, उतरावं खाली, वाचतील तेवढे वाचवावेत. पण टोपी आठवली. दिगंबरचं हसू आठवलं. मी लिहिलं, शेवटचा माणूस पडेपर्यंत टेकडी सोडायची नाही. खाली तीन रेघा मारल्या.

आन् टिकलो हो! सरांची चिठ्ठी आली. हल्ला मोडला. शत्रूची फौज संपली. टेकडी तुमची.

मी वरपक्षाच्या खोलीतून जो सुटलो तो डोक्यावर टोपी, हात वर, ओरडत, "जिंकलो! दिगंबर, आता बोल!" भटारखान्याच्या दारातून सय्यदभाऊ बाहेर आला, पडलेल्या तोंडानं. म्हणाला, "मास्तर, माफ करा. माझी सगळी फौज गेली. लई चिवट होता तो दिगंबरराव."

मी म्हणलं, गेली? कुठं गेली? तुम्ही पोचला तरी होता का?

आम्ही दोघं स्टेजवर चढलो. सर टेबलाजवळ उभे होते, चष्मा काढून डोळे पुसत. मला वाटलं, भावुक झाले असतील. टेकडीवर बघतो तर माझे पांढरे सैनिक आडवे पडलेले. त्यांच्यावर सय्यदभाऊचे हिरवे आडवे पडलेले. निळा फ्रेंच एक नाही. निळे सगळे नदीपलीकडं, रांगेत, जसे सकाळी मांडले होते तसेच. दिगंबरनं पुढं सरकायचा हुकूम लिहिला होता, पण सरांच्या फाशांनी त्याचा घोडेस्वार पहिल्याच फेरीत पकडला गेला होता. नंतर हुकमाची वाट बघत त्याची फौज उभीच.

"आपलेच दात, आपलेच ओठ," सर म्हणाले. एवढंच म्हणाले आन् पुन्हा चष्मा काढला.

तेवढ्यात वधूपक्षाच्या खोलीचं दार उघडलं. दिगंबर बाहेर आला. गालावर लोडाच्या नक्षीचे वळ. जांभई देत म्हणाला, "सुरू झाली का?"

तुम्हाला सांगतो, त्या माणसानं दुपारभर झोपून माझ्या दोन फौजा मारल्या! सरांनी नियम वाचून दाखवला. शेवटी ज्याची जास्त फौज उभी, तो विजयी. दिगंबरचा एक घोडासुद्धा खरचटला नव्हता.

मी सय्यदभाऊवर चिडलो. खोटं कशाला बोलू, चिडलो. म्हणलं, रद्दचा हुकूम पाठवला होता ना? तो शांतपणे म्हणाला, "नंबर न्हवता, मास्तर." मी म्हणलं, अहो, पण अक्षर माझं होतं! तो म्हणाला, "अक्षर तर मागच्या येळी बी तुमचंच वाटलं हुतं."

मी टोपी काढली आन् टेबलावर ठेवली. सरांनी ती उचलून सय्यदभाऊच्या डोक्यावर ठेवली. त्याला ती माझ्यापेक्षा चांगली बसली, हे जास्त लागलं.

संध्याकाळी घरी आलो. ठरवलं होतं, बायकोला, मंदाला, काही सांगायचं नाही. दारातच ती म्हणाली, "मग? स्वतःलाच हरवलंत म्हणे?" तिच्या बहिणीचा शिरूरहून फोन येऊन गेला होता. दिवसभरात वेळेवर पोचलेला तेवढा एकच निरोप.

पण मी हार मानणारा नाही. म्हणलं, जासूद तर जासूद. असा जासूद होऊन दाखवतो की नेपोलियनला हेवा वाटावा. पुढच्या लढाईला मी बुटांना पॉलिश करून गेलो. नळ गळो, टाकी वाहो, मी थांबणार नव्हतो. सय्यदभाऊ वरपक्षाच्या खोलीत, टोपी घालून, खिडकीत मागं हात बांधून उभा. त्यानं पहिला हुकूम लिहून माझ्याकडं दिला. मी सवयीनं कागद उलटा केला, उजेडात धरला. नंबर नाही! देवानंच मला इथं उभं केलं, नाहीतर पुन्हा तेच झालं असतं.

मी कागद परत केला. म्हणलं, "सय्यदभाऊ, नंबर राहिला."

तो खिडकीतून न वळता म्हणाला, "नंबर बंद केला, मास्तर. दिगंबररावांची खोटी चिठ्ठी आली तर फार तर एक लढाई हरतो. तुमची खरी लई म्हाग पडती."