अंबादासकाकांचा वशिला

तुळजापुरात एसटीतून उतरलेल्या माणसाचं कपाळ अंबादासकाकांच्या तावडीतून कोरं सुटलंय, असं मी तरी कधी पाहिलं नाही. काका आई भवानीचे पुजारी. यात्रेकरू दिसला की डाव्या हातानं त्याचं डोकं धरायचे आणि उजव्या हातानं कुंकवाचा मळवट असा भरायचे, की भुवयासुद्धा सापडू नयेत. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब त्याच कपाळानं माझ्या वर्गात शिरले, तर पोरं 'उदो उदो' करून मोकळी झाली! साहेबांची तक्रार मी काकांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "मास्तर, साहेब आसंल त्यो कचेरीत. आईच्या दारात समदी लेकरंच."

मी काकांच्या शेजारी भाड्यानं राहायचो, त्यामुळं त्यांच्या घरातली भांडणं मला पाठ होती. खरं तर भांडण एकच होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा मोहन याला पुजारीपण नको होतं. त्याला ढोकीला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामावर जायचं होतं. देवळात पाळीला बसला तरी रस्त्यावरच्या मोटारीचा आवाज ऐकून 'प्लग गेलाय' म्हणायचा. त्याला जाऊ द्यावं, हे काकांनाही मनातून पटलेलं होतं. पण आईला विचारल्याशिवाय कसं सोडायचं? आणि विचारायला जीभ रेटत नव्हती. साऱ्या मुलखाची गाऱ्हाणी ते खड्या आवाजात देवीपुढं मांडायचे, कुणाचं लग्न, कुणाची म्हैस. स्वतःचं आलं की दातखीळ. "इतक्या पिढ्या हिच्या घरची भाकर खाल्ली मास्तर. आता हिलाच कसं सांगू, पोराला तुझी भाकर नको म्हणून? भीड पडती."

त्या उन्हाळ्यात आम्ही तिघा मास्तरांनी वाटाड्या घेऊन कुलूच्या पलीकडं, लाहौलच्या डोंगरात पायी फिरायचा बेत केला. तिथं गावोगावी बौद्धांचे मठ आहेत, असं मी सहज बोललो. दुसऱ्या दिवशी काका वळकटी घेऊन दारात हजर. "तिथला देव वळखीचा न्हाय, म्हंजे भीड न्हाय. त्याला सांगतो, माझं येवढं आईच्या कानावर घाल."

"काका, देवाला वशिला लावता? आणि त्यांची ओळख असेल कशावरून?"

"मोठ्या लोकांची आपसात वळख असतीच की."

वळकटी खांद्यावर टाकून काका निघाले.

आमचा वाटाड्या नोरबू, अबोल आणि खेचरांवर जीव लावणारा. पहिल्याच सकाळी काकांनी त्याला मळवट भरला आणि पाठोपाठ त्याच्या खेचरांनाही. पुढच्या गावात लालभडक कपाळांची जनावरं पाहून कुणी म्हातारी औषधाचा पाला घेऊन धावत आली. मिठाचा लोणी घातलेला चहा पाहून काका निजामाच्या राज्यात शिकलेल्या हिंदीत ओरडले, "नोरबू मियाँ, चाय में नमक कायकू? मेरेकू नक्को!" चार दिवसांनी तोच चहा मागून घेऊ लागले. म्हणाले, "आमटी समजून प्यायचा."

खिंडीच्या चढावर मात्र काकांचा दम संपला. ओठ काळेनिळे पडले. ते धोंड्यावर बसले ते उठेनातच. नोरबूनं सांगितलं, यांना आता खाली न्या. मी पुरता घाबरलो होतो.

"काका, परत फिरू."

"परत फिरून पोराला काय सांगू?" ते इतकंच म्हणाले. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

नोरबूनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग एका खेचराचं ओझं उतरवून बाकीच्यांवर वाटलं आणि काकांना वर बसवलं. काकांनी डोळे गच्च मिटले आणि खिंड उतरेपर्यंत 'आई, आई' चालू ठेवलं. जिच्यासाठी वशिला शोधायला निघाले होते, तिलाच वाटभर हाका!

मठात एक म्हातारे लामा होते. काकांनी आपल्या हिंदीत सगळं प्रकरण मांडलं, नोरबूनं ते पोचवलं. लामा बराच वेळ हसले. मग हळूहळू बोलू लागले आणि नोरबू आम्हाला सांगू लागला. घरातला एक मुलगा मठाला द्यायचा, अशी तिकडची रीत. लामांना लहानपणीच इथं आणून सोडलं. त्यांना खेचरं हाकायची होती. अजूनही खाली घुंगरं वाजली की ते पोथी सोडून खिडकीशी जातात.

"मंग तुमी देवाला सांगितलं न्हाई?" काकांनी विचारलं.

लामा म्हणाले, "मी लहान होतो. बापानं सांगायला हवं होतं."

उतरताना खेचरांची घुंगरं वाजली की काका मागं वळून मठाच्या खिडकीकडं पाहायचे.

काकांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आठवतात ते आम्ही परतल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारचे. देवळात ही गर्दी! मी रांगेत उभा. पाहतो तर काका देवीसमोर हात जोडून उभे, आणि जागचे हलायला तयार नाहीत. मागून कळंबकडचा एक गडी ओरडला, "ओ पुजारी, सरका की! आमाला दर्शन घिऊ द्या!"

काका मागं वळले. डोळे पुसले.

"थांबा जरा," ते म्हणाले. "आज माझंबी गाऱ्हाणं हाय."