उंदराचं डोकं गरम करायची युक्ती

गावाकडे, रत्नागिरीत, फुरसं दिसलं की मी आधी काठी शोधायचो. आणि इथे रियाधमध्ये, अल मलाझच्या एका घरात, अजगराच्या पिल्लाला सव्वा वर्ष भरवत बसलो. नशीब म्हणतात ते हेच! मी तिथे ड्रायव्हर. कफीलने, म्हणजे ज्याच्या व्हिसावर मी होतो त्या मालकाने, हौसेने पिल्लू आणलं, महिन्याभरात हौस फिटली आणि ते लचांड माझ्या गळ्यात पडलं.

आठवड्यातून एक गोठवलेला उंदीर. पिल्लाच्या अंगापेक्षा जाड नको. पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडायचा, उकळत्या नाही. भरवायचा लांब चिमट्याने, बोटांनी कधीच नाही. खाल्ल्यावर दोन दिवस पिल्लाला हात लावायचा नाही. इतकं दुकानदाराने सांगितलं होतं. तरी मेलं खाईना. शेवटी मीच शोधून काढलं, की उंदराचं डोकं दिव्याखाली आणखी जरा गरम केलं की ते झडप घालतं.

ही युक्ती मी कुणाला दाखवली नाही. इथे आम्हा सगळ्यांची तीच रीत. नवा माणूस हाताखाली आला की खरी खुबी करायच्या वेळी त्याला चहा आणायला पिटाळायचं, म्हणजे आपली नोकरी पक्की. घरातला स्वयंपाकी केरळचा, बिचारा दोनदा म्हणाला, "दिखाओ ना, भाई." दोन्ही वेळा मी दार लावून घेतलं. फार शहाणा ना मी!

मग मुलीचा निकाह ठरला. एकुलती एक पोर. सुट्टीचा कागद कफीलच्या हातात. तो म्हणाला, "जा. पण त्याला भरवणार कोण?"

मी पळत स्वयंपाकघरात गेलो आणि ज्याला हाकललं होतं त्याच्याच हातापाया पडलो. तो भला माणूस, लगेच उठला. कोंबडी कापत होता, तसाच आला. चिमटा, दिवा, सगळं सांगितलं. हात साबणाने धू, एवढं सांगायचं घाईत राहून गेलं. त्याने झाकण उघडलं, कोंबडीचा वास आला, पिल्लाने उंदीर सोडून बोट धरलं. विषारी नाही, पण तो घाबरून हात झटकणारच. पिल्लू काचेवर आपटलं, तोंडाला लागलं. त्यानंतर खाणं बंद.

"ते खाईपर्यंत सुट्टी खलास," कफील म्हणाला. ओरडलासुद्धा नाही.

पुढचे दोन आठवडे मी त्या काचेसमोर बसून होतो. उंदीर दाखवायचा, घेतला नाही की काढून टाकायचा, दिवस मोजायचे. संताप कुणावर काढणार? स्वयंपाक्याने बोटाला पट्टी बांधून मला रोज जेवण आणून दिलं. त्याची मला जास्तच लाज वाटायची.

निकाहाच्या शुक्रवारी फोन काचेला टेकवून ठेवला होता. व्हिडिओवर पोरगी नटलेली, सारखी विचारत होती, "अब्बा, दिसतंय का?" मी म्हटलं, दिसतंय. माझ्या हातात चिमटा होता. तिने मान हलवून कबूल म्हटलं आणि तेवढ्यात पिल्लाने उंदीर घेतला.

कफील खूश झाला. पाठीवर थाप मारून म्हणाला, "यल्ला, आता जा सुट्टीवर."

मी विचारलं, "आता कशाला?"