दवाखान्याच्या पायरीवर
मी सूड घेतला आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

पनवेलजवळच्या आमच्या गावात महापालिकेचा छोटा दवाखाना होता. तिथे मी सात वर्षं कंत्राटी परिचारिका होते. अर्थसंकल्पाच्या सभेत तो बंद करायचं ठरलं, खर्च झेपत नाही म्हणून. त्याच सभेत गावाच्या वेशीवर स्वागतकमान मंजूर झाली. गावच्या नगरसेवकाने दोन्हींना हात वर केला. मी प्रेक्षकांच्या बाकावर बसून बघत होते, आणि तेव्हाच मनात म्हटलं, थांब, तुझीही वेळ येईल.

त्याची आई मधुमेही. पायाला जखम. घरी दोन गाड्या, पण बाई रोज अकरा वाजता चालत यायची, बायकांत गप्पा मारायची आणि माझ्याकडून ड्रेसिंग करून घ्यायची. लेकाला वाटे, आई देवळात जाते. सातबाऱ्याची प्रत्येक ओळ पाठ असलेल्या माणसाला एवढंही ठाऊक नव्हतं.

दवाखान्याला कुलूप लागलं. पंधरा दिवसांत जखम चिघळली आणि म्हातारी दुसऱ्या कोणाला हात लावू देईना. मग लेकाचा मला फोन आला, सिस्टर, घरी येऊन जा, काय लागेल ते देतो.

मी म्हटलं, "करते दादा. पण दवाखान्यात."

"तो तर बंद आहे."

"पायरी आहे ना. अकरा वाजता आणा."

फोन ठेवल्यावर मी गाणं गुणगुणत भांडी घासली. मग जुन्या पेशंट बायकांना एकेक करून कळवलं. झाडून सगळ्या आल्या.

त्याने आईला उचलून पायरीवर बसवलं. मी पाय त्याच्याच हातात दिला आणि पट्टी मुद्दाम सावकाश सोडली. वास सुटला तशी त्याने मान फिरवली. मी म्हटलं, "दादा, नीट धरा." बायका नुसत्या बघत होत्या. त्यांच्या त्या बघण्याने माझं काळीज निवलं.

तो आईला हळूच म्हणाला, उद्यापासून घरी नर्स ठेवतो. म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "हात वर केलास तवा माजा पाय नाय दिसला तुला? ही जागा तुज्या बापानं गावाला दिलेली हाय. मी रोज हितंच येनार. आन पाय तूच धरायचा."

तेव्हापासून तो रोज येतो. मान खाली घालून पाय धरून बसतो. दवाखाना उघडायचा अर्ज त्याने दिलाय म्हणे, पण कुलूप आहे तसंच आहे.

म्हातारीची जखम मात्र भरत आलीय. भरली की तो सुटणार. परिचारिकेने असं मनात आणू नये, पण पट्टी बांधताना रोज वाटतं, अजून थोडे दिवस भरू नये.